मेणवलीची घंटा आणि आमच्या मोटारीचा कर्णा

वाईस जाणारे प्रवासी बहुधा ढोल्या गणपतीचें दर्शन घेऊन, कृष्णेच्या घाटावर घटकाभर बसून, पसरणीच्या वाटेनें पांचगणीस चालते होतात. वरची थंड हवा त्यांस बोलावीत असते, हें आम्हांस ठाऊक आहे. तथापि वाईपासून नदीच्या वरच्या अंगास अवघ्या ३ किलोमीटरांवर मेणवली म्हणून जें गांव आहे, तें न पाहतां जो पुढें गेला त्यानें वाईचें अर्धें पुण्य मागेंच ठेविलें, असें आमचें मत आहे. नाना फडणविसांनीं (१७४२-१८००) येथें वाडा बांधिला. वाड्याच्या पाठीमागें नदीवर अर्धचंद्राकृति घाट बांधिला. घाटावर मेणेश्वराचें व विष्णूचें अशीं देवळें उभीं केलीं. पेशवाईच्या अभ्यासकांस ‘मेणवली दप्तर’ हें नांव परिचित आहे. तें ह्याच वाड्यांतील कागदपत्रांचें. हल्लींच्या तरुण मंडळीस मात्र हा घाट २००४ सालच्या ‘स्वदेस’ नांवाच्या हिंदी चित्रपटामुळें ठाऊक झाला आहे. कोणत्या कां निमित्तानें होईना, लोक येतात हें बरेंच आहे.

घाटाजवळ एका लहानशा देवळीवजा इमारतींत एक घंटा टांगलेली आहे. आपल्या देवळांतील घंटांसारखी ती दिसत नाहीं. तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या मरियमेची आकृति उठावानें ओतलेली असून १७०७ हें सालहि आहे. चिमाजी आप्पांनीं १७३९ च्या मे महिन्यांत पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तेव्हां तेथील चर्चांमधील घंटा विजयाची खूण म्हणून घाटावर आल्या व ठिकठिकाणच्या देवळांपुढें टांगल्या गेल्या. भीमाशंकरापुढील मोठी घंटा त्यांपैकींच, आणि मेणवलीचीहि त्याच कुळांतली. वसईच्या मनोऱ्यावर असतां प्रार्थनेची वेळ, कोणाचें मरण, कोणाचें लग्न, गांवावर आलेलें संकट, अशीं सारीं वर्तमानें घंटेनें सांगावयाचीं असत. धातु एक, नाद एक. मग निरनिराळे अर्थ लोकांस कसे उमगत? वाजविणाराच्या हातावरून, आणि विशेषतः दोन ठोक्यांमध्यें तो जो अवकाश सोडी त्यावरून. सावकाश पडणारे ठोके मरणाचे, घाईचे ठोके संकटाचे. हें आम्ही घरच्या मुलांस सांगत असतांनाच जो प्रकार घडला, त्याकरितां हा लेख लिहावयास घेतला आहे.

२०२३ सालच्या चैत्रांत आम्ही पुण्याहून निघालों तें आमच्या वडील बंधूंस हवापालटासाठीं पांचगणीस नेण्याकरितां. दादांचें वय ८१, प्रकृति नाजूक, कानांनीं तर दहा वर्षांपूर्वींच रजा घेतलेली. श्रवणयंत्र आहे, परंतु तें खिशांत ठेवावयाची वस्तु आहे अशी त्यांची समजूत. पुतण्या सारथि, त्याच्या शेजारीं दादा, मागें आमचें कुटुंब, सूनबाई, दोन मुलें व आम्ही, असा परिवार खंबाटकीचा घाट ओलांडून, सुरूरच्या फाट्यावर वळून नऊच्या सुमारास वाईस पोंचला. गणपतीचें दर्शन झालें. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं हें देऊळ नदीच्या पात्रालगत बांधिलें. त्याची मागील भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचें पाणी तिच्यावर दुभागतें व दोहों अंगांनीं निघून जातें. मुलांस मूर्तीपेक्षां ह्या भिंतीचेंच कौतुक अधिक वाटलें, व त्यांत वावगें कांहीं नाहीं.

मेणवलीस आलों तेव्हां ऊन चढलें होतें. दादा म्हणाले, “तुम्ही पाहून या, मी येथेंच बसतों.” गाडी एका झाडाच्या सावलींत, गल्लीच्या तोंडाशीं उभी होती, खिडक्या उघड्या ठेविल्या, पाण्याची बाटली त्यांच्या हाताशीं दिली आणि आम्ही घाटावर उतरलों.

घंटेपाशीं उभे असतां वरच्या बाजूनें मोटारीचा कर्णा ऐकूं येऊं लागला. (हॉर्नास आपल्या भाषेंत ‘कर्णा’ हा चांगला शब्द आहे; लोक ‘भोंगा’ म्हणतात तोहि वाईट नाहीं.) एक मिनिट झालें, दोन झालीं, आवाज अखंड चाललेला. घाटावर धुणें धुणाऱ्या बायका होत्या, छायाचित्रें काढणारी तरुण मंडळी होती. एकानेंहि मान वळविली नाहीं. कोणी वाट मागत असेल, कोणाचें कोणाशीं भांडण जुंपलें असेल, असें मनांत येऊन प्रत्येक जण आपल्या उद्योगांत राहिला. इतक्यांत सूनबाई म्हणाल्या, “अहो काका, हा तर आपल्याच गाडीचा आवाज!” त्यांनीं तो ओळखावा ह्याचें कारण होतें. मूळचा कर्णा पुतण्यास मिळमिळीत वाटला म्हणून गेल्या दिवाळींत त्यानें बाजारांतून दुप्पट आवाजाची जोडी आणून बसविली होती, आणि तेव्हांपासून आळींतील कुत्रींहि आमची गाडी ओळखीत.

वर जाऊन पाहतों तों दादा आसनावर कलंडलेले, कपाळ घामानें डबडबलेलें, ओठ कोरडे. बाटली हातांतून सुटून पायाशीं पडली होती. घेरी येऊं लागली म्हणून त्यांनीं चालकाच्या बाजूस वांकून कर्णा दाबला होता, आम्हांस बोलावण्यासाठीं. हात काढला तरी कर्णा वाजतच राहिला होता. परंतु हें त्यांस कळण्यास मार्ग नव्हता. त्यांच्या दृष्टीनें तो केव्हांच बंद झाला होता.

समोरच्या घरांतील एक बाई धांवत आल्या, त्यांच्यामागून एक तरुण. “आजोबास्नी आत आणा, वसरीवर निजवा,” असें बाई ओरडून सांगत होत्या, तें आम्हांस ओठांवरूनच कळलें. उचलून नेलें, पाय उशीवर ठेविले, थंड पाण्याच्या घड्या घातल्या, मीठसाखरेचें पाणी घोट घोट दिलें. वाईच्या डॉक्टरांस दूरध्वनि करावा तर त्या कोलाहलांत आमचें त्यांस व त्यांचें आम्हांस कांहींच ऐकूं येईना. तिकडे पुतण्यानें सुकाणूच्या चाकावर थापा मारल्या, चाक फिरवून पाहिलें, किल्ली लाविली, काढली, पुन्हा लाविली. कर्ण्यावर कशाचाच परिणाम नाहीं. तेव्हां तो तरुण पुढें झाला. टेम्पो चालविणारा होता. म्हणाला, “चावीनं न्हाई बंद व्हायचा, दादा. रिले काढाय पायजे.” त्यानें बॉनेट उघडलें, बॅटरीशेजारच्या काळ्या डबीचें झांकण काढलें, झांकणाच्या आंतल्या नकाशावर बोट फिरवून कर्ण्याचें चित्र शोधिलें, आणि एक काड्यापेटीच्या अर्ध्याएवढा चौकोनी ठोकळा उपटून काढला. आवाज थांबला. त्या क्षणीं गांवांत किती शांतता असते तें कळलें. नदीवरची धोपटणीं देखील ऐकूं येऊं लागलीं.

डॉक्टर वीस मिनिटांत आले. उन्हानें व शरीरांतील पाणी कमी झाल्यानें रक्तदाब उतरला होता. दोन तास विश्रांति आणि पुष्कळ पाणी, एवढाच उपचार. दादा सावध झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, “मी कर्णा वाजविला, तो तुम्हांस ऐकूं आला नाहीं काय?” पुतण्यानें त्यांचें यंत्र कानांत बसवून सांगितलें कीं तो चांगली दहा मिनिटें वाजत होता व सबंध मेणवलीस ऐकूं येत होता. “मग कोणी आलें कसें नाहीं?” असें दादा म्हणाले, आणि त्या ओसरीवर ह्याचें उत्तर कोणापाशींच नव्हतें. घरधनीण बाईंनीं तेवढें म्हटलें, “रोजच वाजत्यात हो गाड्या. कोन बघनार?”

दादांस बरें वाटूं लागल्यावर त्या तरुणापाशीं व पुढें पांचगणीच्या कारागिरापाशीं आम्हीं ह्या यंत्राची जी चौकशी केली, ती येथें देतों. कारण असा प्रसंग कोणाच्याहि घरीं येण्याजोगा आहे, आणि घरांत गाडी असून तिच्या पोटांतील हा ठोकळा कोठें असतो तें ठाऊक नसलेलीं कुटुंबें पुष्कळ असतील.

रबरी फुगा दाबून वाजवावयाचे भोंपू आमच्या लहानपणींहि क्वचित् दिसत. विजेचा कर्णा त्याहून निराळा. १९०८ च्या सुमारास अमेरिकेंत मिलर रीस हचिसन ह्यांच्या कल्पनेवरून ‘क्लॅक्सन’ निघाला, तेव्हांपासून त्याचा प्रसार. आजच्या कर्ण्यांत पोलादाचा एक पातळ पडदा असून त्यामागें विद्युच्चुंबक असतो. प्रवाह आला कीं चुंबक पडद्यास ओढतो. पडदा ओढला गेला कीं प्रवाहाची वाट तुटते. पडदा मागें येतो व वाट पुन्हा जुळते. असें एका सेकंदांत शेंकडों वेळां होतें व त्याचा नाद होतो. तो अल्पकाळ वाजावा अशा बेतानें बनविलेला असल्यामुळें सतत वाजत राहिल्यास त्याची गुंडाळी तापून जळूं शकते.

पुष्कळांची समजूत अशी कीं चाकावरील कळ दाबली म्हणजे वीज थेट कर्ण्यास जाते. तसें नाहीं. त्या कळेंतून अगदीं अल्प प्रवाह जातो; तो रिलेमधील लहान चुंबकास जागा करितो; आणि तो चुंबक आपले दोन धातूचे ओठ जुळवून बॅटरीचा मोठा प्रवाह कर्ण्याकडे सोडतो. कळ म्हणजे हुकूम देणारा कारकून, रिले म्हणजे दार उघडणारा शिपाई, असें समजावें. बहुतेक गाड्यांत ह्या वाटेंत किल्लीचा संबंधच नसतो. म्हणून किल्ली काढून कर्णा थांबत नाहीं.

तेव्हां अखंड वाजणाऱ्या कर्ण्याचे अपराधी मुख्यतः तीन. एक, चाकावरील कळ. उन्हानें तिचें आवरण फुगतें किंवा आंतील स्प्रिंग थकते व ती दाबलेलीच राहते. दुसरा, चाकाबरोबर फिरणारी तार. ती झिजून उघडी पडली व सुकाणूच्या लोखंडास टेंकली, कीं कोणी न दाबतांच हुकूम जातो. तिसरा, स्वतः रिले. त्याचे ओठ ठिणग्यांनीं वितळून एकमेकांस चिकटतात व शिपाई दार लावावयाचेंच विसरतो. आमच्या गाडींत काय झालें होतें तें पांचगणीस कळावयाचें होतें. मेणवलीस एवढेंच कळलें कीं ठोकळा काढतांच आवाज थांबला. म्हणजे रिलेपासून कर्ण्यापर्यंतची तार निर्दोष आहे. ठोकळा काढूनहि कर्णा वाजत राहिला असता, तर ती तार कोठेंतरी बॅटरीच्या प्रवाहास भिडली आहे असें समजावें लागलें असतें.

रिले सांपडला नाहीं तर त्याच डबींतील कर्ण्याचा फ्यूज काढावा. (कांहीं गाड्यांत त्याच फ्यूजवर दुसरेंहि एखादें उपकरण असतें, म्हणून काढल्यावर दिवे तपासावे.) तोहि सांपडला नाहीं तर पुढील जाळीमागें कर्णे असतात, त्यांच्या तारांचीं टोपणें ओढून काढावीं, परंतु त्यापूर्वीं किल्ली बंद असावी, कारण शेजारचा पंखा आपोआप फिरूं लागतो व बोटें गमावण्याची वेळ येते. सर्व उपाय थकल्यास बॅटरीची ऋण तार सोडावी. तार कापूं मात्र नये. आणि चाकाच्या मध्यावरचें झांकण पेचकसानें उचकटण्याचा मोह कोणीहि धरूं नये. हल्लींच्या गाड्यांत त्याखालीं एअरबॅग असते, व ती तोंडासमोर फुटली तर हात व डोळे यांची धडगत नाहीं. तें काम जाणत्या कारागिराचें, तेंहि बॅटरी सोडून कांहीं मिनिटें थांबल्यावर करावयाचें.

आतां प्रश्न पुढील प्रवासाचा. परत पुण्यास जावें, कीं पांचगणीस? डॉक्टर म्हणाले, वरची हवा ह्यांस मानवेल, मात्र ऊन उतरल्यावर निघा. पसरणीचा घाट लहान आहे, सुमारें १२ किलोमीटर; परंतु वळणें आंधळीं, आणि आमची गाडी मुकी. पुतण्या कांकूं करूं लागला. आम्हीं म्हटलें, अरे, चढाची गाडी आपण आहों. घाटरस्त्यांत उतरणारानें चढणारास वाट द्यावी असा नियमच आहे. दिवे लाव, डावी बाजू सोडूं नकोस, आणि वळणापाशीं जवळजवळ थांबूनच पुढें हो. पांच वाजतां त्या घरच्या मंडळींचा निरोप घेतला. पैसे देऊं केले ते बाईंनीं घेतले नाहींत. मुलांस दिलेला खाऊ तेवढा घेतला.

त्या दिवशींसारखा पसरणीचा घाट आम्हीं पूर्वीं कधीं पाहिला नव्हता, व ह्याचें श्रेय मुक्या कर्ण्यास द्यावें लागतें. खिडक्यांच्या कांचा खालीं, गाणीं बंद, सर्वांचे कान पुढें. वरून येणारी मालमोटार दिसण्यापूर्वीं तिच्या यंत्राची घरघर ऐकूं येई व पुतण्या कडेस थांबे. मुलांनीं तर पैजाच लाविल्या. ह्या वळणामागें काय आहे, मोटारसायकल कीं एस. टी.? दोन-तीन वळणें चढल्यावर खालीं वाईचीं छपरें, नदीची वांकडी रेघ, पलीकडे धोमच्या धरणाचें पाणी व समोर पांडवगड, असें सर्व खोरें उतरत्या उन्हांत उघडें पडलें. एका वळणावर मात्र पाठीमागून एक आलिशान गाडी आली व तिनें आमच्या मंद गतीवर संतापून जो कर्ण्याचा मारा चालविला, तो घाट संपेपर्यंत सोडला नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्याभोंवतीं १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र आंखतां येतें, व वस्तींत रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत अत्यंत निकडीशिवाय कर्णा वाजविण्यास बंदी आहे. घाटासाठीं असा नियम नाहीं व नसावा. तेथें कर्ण्याचें खरोखरीच काम आहे. परंतु ज्यानें तो सर्व वाट वाजविला, त्याचा वळणावरचा इशारा समोरच्यानें ओळखावा कसा? मेणवलीच्या घंटेचे दोन ठोक्यांमधले अवकाश आम्हांस वारंवार आठवत होते.

पांचगणीस दादांस निजवून आम्ही व पुतण्या कारागिराच्या शोधांत निघालों. बाजाराच्या टोंकाशीं एक लहानसें गॅरेज उघडें होतें. तेथें जें पाहिलें त्यानें आमचें जुनें मन संतुष्ट झालें. वाईस नारायणशास्त्री मराठे यांनीं, म्हणजेच पुढें केवलानंद सरस्वती झालेल्या त्या विद्वानांनीं, प्राज्ञपाठशाळा चालविली; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१-१९९४) तेथेंच घडले व मराठी विश्वकोशाचें कामहि वाईसच उभें राहिलें. न्यायशास्त्रांतील अन्वय व व्यतिरेक हे शब्द त्या गांवाच्या हवेंत आहेत. अमुक असतां अमुक होतें, हा अन्वय. तें नसतां होत नाहीं, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले म्हणजे कारण ठरतें. पर्वतावरचा धूर व अग्नि ह्यांवर हें पाठ करण्यांत आमचीं वर्षें गेलीं. गॅरेजांतील त्या विशीच्या पोरानें तें न शिकतां केलें.

त्यानें आमचा ठोकळा जागेवर बसविला. कोणीहि कळ न दाबतां कर्णा ओरडूं लागला. काढला, थांबला. मग त्याच डबींत धुक्यांतील दिव्यांसाठीं अगदीं त्याच मापाचा दुसरा ठोकळा होता, तो उपटून कर्ण्याच्या जागीं घातला. शांत. कळ दाबली, वाजला. सोडली, थांबला. “काका, स्विच बरोबर, वायर बरोबर. रिले गेला,” एवढेंच तो म्हणाला. दोष कळेंत असता तर नवा ठोकळाहि ओरडत राहिला असता, हें त्यास सांगावें लागलें नाहीं.

पुतण्यास तरी विश्वास वाटेना, गाडी तीनच वर्षांची म्हणून. तेव्हां पोरानें जुन्या ठोकळ्याचें आवरण पक्कडीनें फोडून दाखविलें. आंतले दोन ओठ चिकटलेले, कडेस काळसर डाग. त्यानें नखाच्या टोंकानें ते विलग केले तेव्हां ‘टिक्’ असा बारीक आवाज झाला. मग त्यानें जाळीमागें दिव्याचा झोत टाकला व तेथील दुप्पट आवाजाची जोडी पाहून हंसला. मूळच्या कर्ण्यास लागणाऱ्या प्रवाहाच्या मानानें तो रिले व त्या तारा बसविलेल्या होत्या; त्याच वाटेनें ह्या जोडीनें अधिक प्रवाह ओढला; प्रत्येक दाबाबरोबर ठिणगी मोठी पडत गेली; आणि दादांनीं जिवाच्या आकांतानें तो दाबून धरला तेव्हां ओठ कायमचे जुळले. मोठे कर्णे लावावयाचे असतील तर त्यांस स्वतंत्र जाड तार व स्वतंत्र रिले द्यावा लागतो, असें त्यानें सांगितलें. लावावेच कशाला, हें आम्ही मनांत म्हणालों.

पुतण्या बराच वेळ त्या चिकटलेल्या ओठांकडे पाहत राहिला. नंतर म्हणाला, “ही जोडी काढून टाका. जुना हॉर्न मागें डिकींत आहे.” पोरानें अर्ध्या तासांत अदलाबदल केली. पांचगणीस त्या मापाचा नवा रिले मिळाला नाहीं, म्हणून कर्ण्याच्या जागीं धुक्याच्या दिव्यांचाच राहूं दिला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं दादांस गाडींत बसवून कळ दाबावयास लाविली. त्यांनीं दाबली, सोडली, आणि यंत्र कानांत असल्यामुळें तो थांबल्याचें त्यांस कळलें.

आठ दिवसांनीं परत निघालों. धुक्यांतील दिवे पुण्यास पोंचेपर्यंत पेटणार नव्हते. परंतु चैत्र संपत आला होता, धुकें कोठून असणार!